सरकारी दप्तरांचे जतन : कागदापासून क्लाउडपर्यंत

राज्यकारभार कोणत्याही प्रकारचा असो, त्याला स्मरणशक्ती लागते. व्यक्तीचे स्मरण तिच्या मेंदूत साठते. राज्याचे स्मरण त्याच्या दप्तरात साठते. अमुक शेताची हद्द कोठवर आहे, धरण बांधताना कोणत्या गावाची जमीन गेली, कोणत्या शिपायाने किती वर्षे सेवा केली, या गोष्टी ज्यांना प्रत्यक्ष ठाऊक होत्या ती माणसे काळाच्या ओघात नाहीशी होतात. त्यांनी करून ठेवलेली नोंद तेवढी मागे राहते.

सामान्य नागरिकाला दप्तराची आठवण बहुधा अडचणीच्या वेळी होते. वडिलांच्या नावावरील जमीन मुलांच्या नावे व्हावयाची असली, निवृत्त कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकातील एखादी तारीख सिद्ध करावयाची असली, की जुन्या कागदाची नक्कल लागते. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तेव्हा अनेक कार्यालयांतील जुनी दप्तरे पुन्हा उघडावी लागली आणि मोडी व उर्दू वाचू शकणाऱ्या जाणकारांचा शोध करावा लागला. अनेक पिढ्यांपूर्वी एखाद्या कारकुनाने लिहिलेली एक ओळ आजच्या माणसाचा हक्क ठरवू शकते. ती ओळ नाहीशी झाली, तर हक्क खरा असूनही तो सिद्ध करणे दुरापास्त होते.

अशा कोट्यवधी कागदांच्या प्रतिमा तयार करून त्या संगणकांच्या जाळ्यात, म्हणजेच क्लाउडमध्ये, ठेवण्याचे काम आपल्या देशात चालू आहे. हे काम कसे होते, त्यामागे विज्ञानाची कोणती तत्त्वे आहेत आणि त्यात कोणती सावधगिरी बाळगावी लागते, याचा परिचय या पुस्तिकेत करून द्यावयाचा आहे.

दप्तरांची परंपरा

दप्तर जपण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. गोव्यात पोर्तुगीज सत्तेने १५९५ साली स्वतंत्र अभिलेखागार स्थापन केले आणि इतिहासकार दिओगो दो कौतो यांची त्यावर नेमणूक केली. पेशव्यांचे दप्तर १८१८ नंतर इंग्रजांच्या हाती गेले. ते आज पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. तेथील मोडी कागद कापडात बांधून ठेवीत. अशा गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणत, आणि हा शब्द दप्तरखान्यात आजही रूढ आहे. या रुमालांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत संपादित केले. मराठी कागद महाराष्ट्राबाहेरही आहेत. तंजावरच्या भोसले राजांचे मोडी दप्तर तामिळनाडूत जपलेले आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानच्या मध्यवर्ती सरकारने आपल्या कागदांसाठी ११ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यास ‘इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट’ हे खाते उघडले. राजधानी दिल्लीस गेल्यावर हे खातेही तेथे हलविण्यात आले. एडविन ल्युटेन्स यांच्या आराखड्याप्रमाणे बांधलेली त्याची इमारत १९२६ साली पूर्ण झाली. स्वातंत्र्यानंतर त्यास ‘राष्ट्रीय अभिलेखागार’ हे नाव मिळाले. मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेचे अभ्यासक डॉ. सुरेंद्रनाथ सेन हे त्याचे पहिले संचालक होत. या संस्थेतील सरकारी अभिलेखांची पृष्ठसंख्या ३४ कोटींहून अधिक आहे. राज्यांची अभिलेखागारे, जिल्हाधिकारी कार्यालये, न्यायालये व तहसील यांतील कागद यांत धरलेले नाहीत.

कागदाचे शत्रू

कागद दीर्घायुषी आहे, पण अमर नाही. चिंध्यांपासून हाताने बनविलेला जुना कागद कित्येक शतके टिकतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा कागद प्रचारात आला. शाई फुटू नये म्हणून त्यास तुरटी व राळ यांची खळ देत. या खळीतून कागदात हळूहळू आम्ल तयार होते, आणि ते सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडते. साखळ्या तुटल्या म्हणजे कागद पिवळा व ठिसूळ होतो आणि घडीवर मोडतो. यामुळे पुष्कळदा १७५० सालचे पत्र आजही लवचीक असते, तर १९२० सालचा अहवाल हात लावताच तुटतो.

याखेरीज वाळवी, कसर, बुरशी, दमट हवा, पुराचे पाणी आणि आग हे शत्रू आहेतच. अभिलेखागारात तापमान २२ ते २५ अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखण्याचा प्रयत्न करतात. जीर्ण कागदास पातळ टिशू कागदाचे अस्तर देतात. यंत्राविना, केवळ ऍसिटोनच्या साहाय्याने कागदावर सेल्युलोज ऍसिटेटचा पापुद्रा चढविण्याची रीत दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातच विकसित झाली.

तथापि आगीपुढे यांतील कोणताच उपाय चालत नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली व ती वरच्या मजल्यांवर पसरली. पाच जणांचे प्राण गेले आणि अनेक विभागांच्या फायली भस्मसात झाल्या. अशा प्रसंगी ज्या कागदाची दुसरी प्रत अन्यत्र असते तो पुन्हा मिळवता येतो. ज्याची प्रत एकच असते तो कायमचा जातो. दप्तर सुरक्षित ठेवण्याचा मूळ नियम यातच आला : एकापेक्षा अधिक प्रती, आणि त्या एकमेकींपासून दूर. पूर्वी मायक्रोफिल्म वापरण्यामागे हेच तत्त्व होते. क्लाउडही याच तत्त्वाचा पुढचा टप्पा आहे.

कागदाची प्रतिमा कशी घेतात

प्रतिमा घेण्याचे काम यंत्र करते, परंतु खरे श्रम त्यापूर्वीच होतात. प्रथम फायली तपासून कायम ठेवावयाचे आणि नियमाप्रमाणे नष्ट करावयाचे कागद वेगळे करतात. नंतर धूळ झाडणे, टाचण्या व गंजलेल्या तारा काढणे, घड्या उलगडणे, फाटलेला भाग सांधणे आणि पृष्ठांस क्रमांक देणे ही कामे होतात. सचिवालयाच्या फायलीस टिपणीची व पत्रव्यवहाराची अशा दोन बाजू असतात. त्यांचा क्रम बिघडला, तर कोणत्या पत्रावर कोणता निर्णय झाला हेच समजेनासे होते. कागदाच्या पाठीवरील शेराही सोडून चालत नाही. पुष्कळदा मुख्य मजकुरापेक्षा पाठीवर लिहिलेली दोन ओळींची आज्ञाच महत्त्वाची असते.

ठिसूळ कागद आपोआप ओढून घेणाऱ्या यंत्रात घालता येत नाही. तो पाटावर ठेवून वरून त्याची प्रतिमा घेतात. प्रतिमा म्हणजे असंख्य बिंदूंची जाळी होय. प्रत्येक इंचात ३०० बिंदू हे प्रमाण धरले, तर ज्यास आपण ए-४ म्हणतो त्या नेहमीच्या आकाराच्या पृष्ठावर रुंदीत २,४८० व उंचीत ३,५०८ बिंदू येतात. म्हणजे एकूण सुमारे ८७ लाख. प्रत्येक बिंदूचा रंग नोंदविण्यास तांबडा, हिरवा व निळा यांसाठी एकेक, अशा तीन बाइट लागतात. अशा रीतीने एका पृष्ठास सुमारे २ कोटी ६० लाख बाइट म्हणजे २६ मेगाबाइट जागा लागते.

आता राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ३४ कोटी पृष्ठांचा हिशेब करून पाहू. सर्व पृष्ठे याच आकाराची आहेत असे धरल्यास ३४ कोटी गुणिले २६ मेगाबाइट, म्हणजे ८८४ कोटी मेगाबाइट होतात. एक टेराबाइट म्हणजे दहा लाख मेगाबाइट. तेव्हा एक टेराबाइट क्षमतेच्या सुमारे ८,८४० तबकड्या लागतील, आणि तीन प्रती ठेवावयाच्या तर २६,५०० हून अधिक. प्रतिमा संक्षिप्त करण्याच्या रीतींनी ही जागा पुष्कळ कमी करता येते. तरीही हे काम एखाद्या कार्यालयातील कपाटात ठेवलेल्या संगणकाने होण्यासारखे नाही, हे या आकड्यांवरून वाचकांच्या ध्यानात येईल.

क्लाउड म्हणजे काय

‘क्लाउड’ या शब्दाचा अर्थ ढग. दूरसंचाराचे आराखडे काढताना, ज्या जाळ्याच्या अंतर्भागाचा तपशील दाखवावयाचा नसे तेथे अभियंते ढगाची आकृती काढीत. त्यावरून हे नाव रूढ झाले. प्रत्यक्षात क्लाउड आकाशात नसून जमिनीवरच, भक्कम इमारतींत असतो. या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. तेथे हजारो संगणक व साठवणीच्या तबकड्या रांगेने मांडलेल्या असतात. त्यांना थंड ठेवण्यासाठी वातानुकूलन, अखंड विजेसाठी बॅटऱ्या व जनित्रे, आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या प्रकाशतंतूंच्या तारा असतात.

क्लाउडचे वैशिष्ट्य असे की, वापरणाऱ्यास आपला कागद नेमक्या कोणत्या यंत्रावर आहे हे ठाऊक असण्याची गरज नसते. नळ उघडणारा माणूस कोणत्या टाकीतून पाणी आले हे विचारीत नाही. तसेच हे आहे. एक यंत्र बंद पडले की त्याचे काम दुसरे यंत्र उचलते. जागा अधिक लागली तर वाढविता येते, नको झाली तर सोडता येते. प्रत्येक कार्यालयाने स्वतंत्र यंत्रे घेऊन सांभाळण्याचा खर्च त्यामुळे वाचतो.

भारत सरकारने या उद्देशाने ‘मेघराज’ नावाचा उपक्रम हाती घेतला. त्याखालील राष्ट्रीय क्लाउड फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. १९७६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र तो चालविते. या केंद्राची राष्ट्रीय डेटा सेंटरे दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराने ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ २०१५ साली सुरू केले. त्यावर सूची पाहून पुष्कळ कागदांच्या प्रतिमा घरबसल्या वाचता येतात. पूर्वी ज्या कागदासाठी दिल्लीचा प्रवास करावा लागे, तो आज गडचिरोलीतील अथवा इम्फाळमधील विद्यार्थ्यालाही पाहता येतो. हा लाभ लहान नाही.

अनेक प्रतींचे गणित

एखादी प्रत एका वर्षात नष्ट होण्याचा संभव उदाहरणादाखल शंभरात एक आहे असे धरू. तीन प्रती असल्या, आणि त्यांची संकटे एकमेकींपासून स्वतंत्र असली, तर तिन्ही एकाच वर्षी नष्ट होण्याचा संभव १०० गुणिले १०० गुणिले १००, म्हणजे दहा लाखांत एक इतका अल्प होतो. या हिशेबातील ‘स्वतंत्र’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. तिन्ही प्रती एकाच इमारतीत ठेवल्या, तर एकच आग तिन्हींना गिळते आणि सारे गणित कोसळते. म्हणून अभिलेखशास्त्रात साधा नियम सांगतात : प्रती किमान तीन, साठवणीची साधने किमान दोन प्रकारची, आणि निदान एक प्रत दूरच्या ठिकाणी.

या नियमाचा विसर पडला तर काय होते, हे दक्षिण कोरियातील घटनेवरून दिसून आले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातील राष्ट्रीय माहिती केंद्रात लिथियम-आयन बॅटऱ्यांना आग लागली. सुरक्षेसाठी ७०९ शासकीय यंत्रणा बंद पडल्या अथवा बंद कराव्या लागल्या. त्यांतील बऱ्याच पुढे पूर्ववत करता आल्या. परंतु ‘जी-ड्राइव्ह’ नावाची, शासकीय कर्मचाऱ्यांनी आपले कामाचे कागद ठेवावयाची साठवण संपूर्ण जळाली. तीत ८५८ टेराबाइट माहिती होती. साठवणीचा आकार फार मोठा असल्याने तिची प्रत बाहेर ठेवलेली नव्हती, असे कारण सांगण्यात आले. दक्षिण कोरिया संगणकविद्येत जगातील अग्रेसर देशांपैकी एक आहे. तेथेही मंत्रालयाच्या आगीचाच धडा पुन्हा मिळाला. कागद असो वा क्लाउड, प्रत एकच असेल तर ती एका ठिणगीच्या अंतरावर असते.

न वाचता येणारी नोंद

डिजिटल नोंदीला आणखी एक संकट आहे, आणि ते कागदाला ठाऊक नाही. कागद वाचण्यास डोळे व लिपीचे ज्ञान पुरते. डिजिटल नोंद वाचण्यास मात्र योग्य यंत्र, योग्य कार्यप्रणाली आणि ती नोंद ज्या बंधात साठविली त्याचे ज्ञान, या तिन्हींची जरुरी असते. यांपैकी एक जरी काळाआड गेले, तरी नोंद जशीच्या तशी असूनही मुकी होते.

इंग्लंडमध्ये १०८६ साली विल्यम राजाने देशातील जमिनीची व मालमत्तेची पाहणी करून ‘डूम्सडे बुक’ तयार करविले. त्यास ९०० वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १९८६ साली, बी.बी.सी.ने नवी ‘डूम्सडे’ योजना आखली. हजारो शाळांतील मुलांनी आपल्या परिसराची वर्णने व छायाचित्रे पाठविली आणि ती लेझर तबकड्यांवर साठविण्यात आली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली. अखेर २००२ साली लीड्स व मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनी जुन्या यंत्राची नक्कल करणारी कार्यप्रणाली तयार करून ती माहिती वाचून दाखविली. मूळचे चर्मपत्रावरील १०८६ सालचे पुस्तक मात्र आजही वाचता येते.

या उदाहरणावरून डिजिटल साठवण टाकाऊ आहे असा निष्कर्ष काढणे चूक होईल. त्यातून निघणारा खरा बोध वेगळा आहे. चांगला कागद कोरड्या जागी ठेवून शंभर वर्षे विसरला, तरी तो बहुधा टिकतो. डिजिटल नोंद पंधरा वर्षेही विसरून चालत नाही. तबकड्या काही वर्षांत झिजतात, तेव्हा नोंदी नव्या तबकड्यांवर उतरवून घ्याव्या लागतात. बंध जुना झाला की नोंद नव्या बंधात आणावी लागते. म्हणून दीर्घकाळ ठेवावयाच्या नोंदींसाठी कोणा एका कंपनीच्या मालकीचा नसलेला, ज्याचे नियम जाहीर आहेत असा बंध निवडतात. २००५ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेला ‘पीडीएफ-ए’ हा असा एक बंध आहे. अक्षरांचे वळणही फायलीतच साठवून ठेवावे, बाहेरच्या कशावर अवलंबून राहू नये, असा त्याचा नियम आहे.

सारांश, कागद क्लाउडवर चढविला म्हणजे काम संपले असे होत नाही. त्या दिवसापासून एक अखंड कर्तव्य सुरू होते. प्रतिमा घेण्याचा खर्च एकदाच होतो. ती जिवंत ठेवण्याचा खर्च दरवर्षी होत राहतो. अंदाजपत्रकात पहिल्या खर्चाची तरतूद करून दुसऱ्याची न करणे म्हणजे विहीर खणून दोर न घेण्यासारखे आहे.

अस्सलपणाची खूण

जुन्या मराठी पत्रांच्या अखेरीस ‘मोर्तब’ करीत, म्हणजे मजकूर संपल्याची मुद्रा उमटवीत. त्याखाली कोणी पदरची ओळ वाढवू नये हा त्यातील हेतू. डिजिटल नोंदीतील अक्षर बदलले तर खाडाखोड दिसत नाही, शाईचा रंगही वेगळा पडत नाही. मग तिचा अस्सलपणा कसा ओळखावा?

यासाठी गणिताची एक रीत वापरतात. तिला हॅश म्हणतात. संपूर्ण फाइल म्हणजे शून्य व एक यांची एक लांबच लांब मालिका असते. तिच्यावर ठरावीक क्रमाने गणिती क्रिया करून ठरावीक लांबीची एक संख्या काढतात. ‘शा-२५६’ या प्रचलित रीतीत ही संख्या २५६ द्विमान अंकांची असते. फाइल एका पानाची असो वा हजार पानांची, संख्येची लांबी तीच राहते. मात्र फाइलमधील एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी येणारी संख्या पूर्णपणे निराळी असते. अशा किती भिन्न संख्या संभवतात ते लिहावयास ७८ अंकी संख्या लागते. त्यामुळे दोन निरनिराळ्या फायलींची खूण योगायोगाने सारखी येईल ही भीती व्यवहारात उरत नाही.

नोंद क्लाउडमध्ये ठेवताना तिची खूण वेगळी लिहून ठेवतात आणि ठरावीक काळाने ती पुन्हा काढून ताडून पाहतात. खूण जुळली नाही, तर तबकडीच्या दोषाने वा कोणाच्या हस्तक्षेपाने प्रत बिघडली असे समजून दुसऱ्या प्रतीवरून ती दुरुस्त करतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडावयाच्या प्रमाणपत्रात हॅशची नोंद करण्याची तरतूद आहे.

कायदा आणि कागदाचा मालक

सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ हा केंद्र सरकारच्या कागदपत्रांसंबंधीचा मुख्य कायदा आहे. त्यातील व्याख्येत संगणकाने तयार केलेल्या सामग्रीचाही समावेश आहे. केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून सार्वजनिक अभिलेख देशाबाहेर नेण्यास तो मनाई करतो. सरकारी कामासाठी नेण्यास मात्र अशी संमती लागत नाही. क्लाउडमुळे या कलमास नवे महत्त्व आले आहे, कारण फाइल एका देशातून दुसऱ्या देशात जाण्यास क्षणही पुरतो. यास्तव शासकीय माहिती ज्या डेटा सेंटरांत ठेवावयाची ती भारतातच असावीत, ती कूटबद्ध असावी आणि तिची किल्ली शासनाच्या हाती असावी, याकडे लक्ष द्यावे लागते. खासगी कंपनीचा क्लाउड वापरला, तर करार संपताना सर्व नोंदी पूर्ण व वाचनीय स्वरूपात परत मिळतील, ही अटही आरंभीच लिहून घ्यावी लागते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायदेशीर मान्यता दिली. नोंद पुढेही वापरता आली पाहिजे, तिचे स्वरूप मूळ मजकूर अचूक दाखविणारे असले पाहिजे, आणि ती कोठून, कोणास, केव्हा गेली हे कळले पाहिजे, अशा अटी त्यात घातल्या आहेत. त्याच सुमारास, २००० साली, कर्नाटकाने ‘भूमी’ योजनेखाली सुमारे ६७ लाख जमीनधारकांचे सुमारे २ कोटी उतारे संगणकावर आणले. पुढे तेथे हस्तलिखित उताऱ्यांची मान्यता काढून घेण्यात आली. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला. ज्या ठिकाणी डिजिटल नोंद हीच अस्सल ठरते, त्या ठिकाणी तिच्यातील चूकही अस्सल ठरते. म्हणूनच कागदावरून नोंद उतरविताना मूळ व प्रत ताडून पाहणारा मनुष्य या साखळीतील अत्यंत महत्त्वाचा दुवा होय.

प्रतिमा घेतल्यावर मूळ कागदाचे काय करावे? नित्याच्या व्यवहारातील मुदतीचे कागद नियमाप्रमाणे नष्ट करता येतात. ऐतिहासिक मोलाच्या कागदांची गोष्ट वेगळी आहे. १८९२ पूर्वीचा अभिलेख, तो वापरण्यापलीकडे खराब झाला असल्याखेरीज, नष्ट करता येत नाही असे १९९३ चा अधिनियम सांगतो. कागदाचा पोत, जलचिन्ह, शाई व घड्या यांतूनही इतिहासकाराला माहिती मिळते, आणि ती प्रतिमेत पूर्णपणे उतरत नाही. शिवाय प्रतिमा झाल्यावर मूळ कागद वारंवार हाताळावा लागत नाही. त्यामुळे त्याचेच आयुष्य वाढते.

सूची नसेल तर

कोट्यवधी प्रतिमांच्या साठ्यातून हवा तो कागद काढण्याचा मार्ग म्हणजे सूची. प्रत्येक फाइलबरोबर तिचे खाते, विषय, वर्ष, गाव, भाषा व मूळ कागदाचे ठिकाण यांची नोंद करावी लागते. ही नोंद चुकली, तर फाइल साठ्यात असूनही सापडत नाही. दप्तरखान्यात चुकीच्या फळीवर ठेवलेला रुमाल जसा हरवल्यासारखाच असतो, तशीच ही स्थिती होय.

छापील मजकूर आज संगणक बऱ्याच अंशी वाचू शकतो. हस्तलिखिताचे वाचन पुष्कळ कठीण आहे. मोडी लिपी लेखणी फारशी न उचलता, शब्द न तोडता लिहीत. फारसी शिकस्ता लिपीत अक्षरे एकमेकांत मिसळतात. मोडीच्या अक्षरांना जागतिक युनिकोड संहितेत २०१४ साली स्थान मिळाले. त्यामुळे मोडी मजकूर संगणकावर अक्षररूपाने साठविता येतो. पण संगणकाला मोडी शिकविण्यासाठीही प्रथम मोडी जाणणारा माणूस लागतो. त्याने वाचून दिलेल्या हजारो ओळींवरूनच यंत्र शिकते. मोडी वाचणारे उरले नाहीत, तर क्लाउडमधील मोडी प्रतिमा त्या लेझर तबकड्यांप्रमाणे मुक्या होतील.

उपसंहार

दगडावर, ताम्रपटावर, ताडपत्रावर, कागदावर आणि आता क्लाउडमध्ये, अशा क्रमाने मनुष्याने आपल्या नोंदींचे साधन बदलले आहे. प्रत्येक नव्या साधनाने लिहिणे अधिक सुलभ केले, आणि जपण्याची नवी जबाबदारी आणली. ताम्रपट मातीत पुरला तरी टिकला. कागदाला कोरडी जागा लागली. क्लाउडला वीज, यंत्रे, पैसा आणि जागरूक माणसे सतत लागतात.

शाळांतील विद्यार्थ्यांनी व ग्रंथालयांच्या वाचकांनी या कामाकडे केवळ यंत्रविद्येची करामत म्हणून पाहू नये. आपल्या गावच्या शाळेची जुनी पटनोंदवही कोठे आहे, ग्रामपंचायतीचे ठराव कोण सांभाळतो, त्यांची दुसरी प्रत आहे काय, हे प्रश्न कोणासही विचारता येतात. मोडी शिकणे हाही या कार्यास हातभार लावण्याचा एक मार्ग आहे. नोंद टिकते ती तिची विचारपूस करणारे लोक असतात म्हणून. साधन कोणतेही आले, तरी ही विचारपूस प्रत्येक पिढीला नव्याने करावी लागेल.